सीबीटी शिकायचंय? आधी विचारा, तुमचं रेकॉर्डिंग कोण ऐकणार

मानसशास्त्रातल्या एम. ए. चं शेवटचं सेमिस्टर, हातात सीबीटीच्या (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे आपले विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी उपचारपद्धती) दोन दिवसांच्या सर्टिफिकेट कोर्सची जाहिरात, आणि घरून ‘आता अजून दोन वर्षं कशाला?’ एवढ्या भांडवलावर थेरपिस्ट म्हणून बसता येईल का, असं तुम्ही विचारलंय. पुण्यात बरीच वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कायद्याचं आधी उरकून टाकते. ‘सीबीटी थेरपिस्ट’ अशी वेगळी सरकारी नोंदणी आपल्याकडे नाही. नोंदणी असते ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे), आणि साध्या एम. ए. वर ती मिळत नाही. इतकी वर्षं त्यासाठीचा रुळलेला रस्ता म्हणजे दोन वर्षांचं एम. फिल.; पुण्यात ससूनच्या आवारातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था त्यासाठी ओळखली जाते. यूजीसीने २०२२ मध्ये एम. फिल. बंद केलं, क्लिनिकल सायकॉलॉजीला मात्र २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ दिली. आता नवे अभ्यासक्रम येताहेत. तेव्हा कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. फी भरण्याआधी आरसीआयच्या यादीत ते कॉलेज आणि तोच कोर्स आहे का, ते स्वतः बघा. डिस्टन्सचा विचार असेल तर सोडून द्या. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्र दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवायला मनाई केली आहे.

आता मुद्द्याचं. दोन दिवसांचा कोर्स वाईट नसतो. सीबीटीचे जनक, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात मांडलेली मूळ कल्पना, म्हणजे प्रसंग, मनात आपोआप येणारा विचार, त्यातून भावना आणि वागणं, ही दोन दिवसांत नीट समजते. मलाही समजली होती. मग मी पहिली केस घेतली, पेशंटच्या लेखी संमतीने सेशन रेकॉर्ड केलं आणि खुशीत सुपरव्हायझर बाईंकडे, म्हणजे माझं काम तपासून शिकवणाऱ्या अनुभवी थेरपिस्टकडे, नेलं. त्यांनी स्टॉपवॉच लावलं. पन्नास मिनिटांपैकी एकतीस मिनिटं मीच बोलत होते! ‘पण याला पुरावा काय?’ हे वकिलासारखं चारदा विचारलं होतं. तिसऱ्या वेळेनंतर तो बिचारा नुसतं ‘हो मॅडम, बरोबर’ म्हणत होता, आणि मला वाटलं होतं, काय झकास पटलंय त्याला.

सीबीटीचं सेशन तपासायला एक मोजपट्टी वापरतात: अकरा मुद्दे, प्रत्येकाला ० ते ६ गुण, एकूण ६६. साधारण ४० च्या पुढे गेलात तर काम जमतंय असं धरतात. मला २३ पडले. पुढचं वर्षभर दर आठवड्याला कुणीतरी माझं रेकॉर्डिंग थांबवून ‘इथे हा प्रश्न का विचारलास?’ असं विचारत होतं. मी सीबीटी शिकले ती तिथे. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त पदव्युत्तर प्रशिक्षणात सुपरव्हिजनखाली किमान २०० तासांचं प्रत्यक्ष काम आणि आठ केसेस लागतात, ते उगाच नाही.

आणि एक गोष्ट इंग्रजी स्लाइड्सवर कधीच नसते. सीबीटीत पेशंटकडून जो तक्ता भरून घेतात, त्यात विचार आणि भावना वेगवेगळ्या रकान्यांत लिहायच्या असतात, पण मराठीत दोन्हींना आपण ‘वाटतं’च म्हणतो. ‘मला वाटतं मी नापास होणार’ हा विचार. ‘भीती वाटते’ ही भावना. आणि ‘कसंतरीच वाटतंय’ म्हटलं की शरीरासकट सगळा काला. अशा वेळी ‘तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारून आपणच गोंधळ घालतो. मी आता ‘त्या क्षणी मनात कोणतं वाक्य आलं?’ असं विचारते, आणि भावनेकडे ‘छातीत, पोटात काय झालं?’ या वाटेने जाते. ‘लोक काय म्हणतील’ इथे तर अजिबात थांबायचं नाही. लोक म्हणजे नेमकं कोण, हे खणत गेलं की बहुतेकदा एक आत्या निघते.

शब्दांचंही तसंच. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे आपल्याकडे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी ही उपचारपद्धती, म्हणजे सीबीटीची थोरली बहीण, मराठीत रुजली. ‘विवेकनिष्ठ’ हा सुंदर शब्द तिथला. पण समोरच्याच्या विचाराला तोंडावर ‘अविवेकी’ म्हणून बघा, सदाशिव पेठेतले आजोबा दुसऱ्या सेशनला येणार नाहीत. हे बारकावे मराठीतून काम करणारा सुपरव्हायझरच दाखवतो. म्हणून सुपरव्हायझर मराठी बोलणारा असेल तर मी थोडी जास्त फीसुद्धा मोजेन.

घरच्यांना सांगा की दोन वर्षांतली बरीचशी वर्गात जात नाहीत, ओपीडीत आणि वॉर्डात जातात, आणि स्किझोफ्रेनियाची सुरुवात नुसत्या ‘टेन्शन’पासून वेगळी ओळखायला तिथेच शिकतात. पैशांची अडचण असेल तर मधे एक वर्ष नोकरी केलीत तरी बिघडत नाही.

त्या जाहिरातीतल्या नंबरवर उद्या फोन करा आणि एवढंच विचारा: माझ्या सेशनचं रेकॉर्डिंग कोण ऐकणार, आणि किती वेळा? ‘मॅडम, सर्टिफिकेट मिळेल ना’ असं उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेवा. काय म्हणाले ते इथे कळवा.