कॉर्गीला घरातलं काय खायला द्यावं?

जळगावात कॉर्गी जातीचा कुत्रा पाळलाय, त्याला केळं, भाकरी, भरीत चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

केळं चालतं, पण दोन-तीन चकत्याच. त्यात साखर भरपूर. भाकरीचा कोरडा तुकडा कधीतरी ठीक.

भरीत मात्र बोटभरही नको. त्यात कांद्याची पात, लसूण असतो आणि त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलं तरी हा धोका जात नाही. शेवभाजीचा रस्साही त्यातच आला. द्राक्षं, मनुका, चॉकलेट पूर्ण बंद.

कॉर्गी भारी खादाड. त्यात पाय आखूड, पाठ लांब, म्हणून वाढलेल्या वजनाचा ताण थेट मणक्यावर येतो. कुशीवरून हात फिरवा, बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर जेवण मोजून कमी करा. वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा: काकडी, उकडलेलं गाजर, बिनमिठाचं, हाडं काढलेलं चिकन. आपल्याकडच्या मे महिन्यात गार काकडी तर तो आवडीने खातो.

आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही हे स्पष्ट सांगा, ताटातलं तेच भरवतात.