वाचकांचे प्रश्न : करारात सल्लागार, हजेरीत नोकर

प्रश्न : पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत मी सहा वर्षं पगारावर होतो. एप्रिल 2025 पासून कंपनीने मला ‘कन्सल्टंट’ केलं. महिना 1,20,000 रुपये, त्यातून 10 टक्के टीडीएस. टेबल, लॅपटॉप, मॅनेजर सगळं तेच. बायोमेट्रिक हजेरी, वर्षाला 18 भरपगारी रजा, बाहेरचं काम घ्यायला बंदी. आयकर कायद्याच्या 44एडीए कलमाखाली (स्वतंत्र व्यावसायिकांची निम्मीच कमाई करपात्र धरणारं कलम) निम्मंच उत्पन्न दाखवलं तर चालेल का?

उत्तर : आधी आकडे पाहा, म्हणजे मोह कुठे आहे ते कळेल. वर्षाचे 14,40,000. 44एडीएखाली त्याचे निम्मे, म्हणजे 7,20,000 करपात्र. नव्या करप्रणालीत 2025-26 साठी 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला 87ए कलमाची करसूट असल्याने कर शून्य आणि कापलेले 1,44,000 परत. हीच रक्कम पगार धरली, तर 75,000ची प्रमाणित वजावट जाऊन 13,65,000 उरतात आणि उपकरासह कर होतो 88,140 रुपये.

एवढा फरक पडत असल्यावर आयकर अधिकारी कराराचं शीर्षक वाचून थांबणार नाही. काम कसं करायचं हे कोण सांगतं, साधनं कोणाची, तोटा कोणाच्या अंगावर पडतो, दुसरी गिऱ्हाइकं घेता येतात का, हे तो बघतो. तुमच्या बाबतीत चारही उत्तरं कंपनीकडे बोट दाखवतात. शिवाय 26एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराच्या तक्त्यात, एकाच टॅनवर (कर कापणाऱ्याचा क्रमांक) आधी कलम 192 (पगार) आणि एप्रिल 2025 पासून 194जे (व्यावसायिक मानधन) दिसतं. आम्ही तरी तुमच्या सध्याच्या कामाला नोकरीच म्हणू.

उद्या हा पगार ठरला, तर 44एडीए जातं, कर आणि व्याज भरावं लागतं, वर उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल 270एखाली त्या कराच्या 50 टक्के दंड लागू शकतो. कंपनीलाही चुकीच्या कलमाखाली टीडीएस कापल्याचा जाब द्यावा लागतो.

खरंच स्वतंत्र काम करायचं असेल, तर करार आणि रोजचा व्यवहार दोन्ही बदला. पैसे महिन्याला नव्हे, कामाच्या टप्प्यांवर ठरवा, उदाहरणार्थ अमुक मॉड्यूल तपासून स्वीकारलं की इतके. अनुक्रमांक घातलेलं बिल द्या. चुका स्वखर्चाने दुरुस्त करायची अट घाला. रजा, अप्रेझल आणि बाहेरच्या कामावरची बंदी काढून टाका. गोपनीयतेची अट राहू द्या, तिचा इथे संबंध नाही. लॅपटॉप स्वतःचा. ‘माझ्याऐवजी दुसरा माणूस पाठवू शकेन’ हे कलम हल्ली सगळे कुठून तरी उचलून घालतात, पण दार तुमच्याच बोटाच्या ठशाने उघडत असेल तर ते कलम हास्यास्पद ठरतं. कंपनी हे मान्य करत नसेल, तर तिला नोकरच हवा आहे. मग पगारपत्रकावर परत घ्या म्हणा, पीएफ तरी सुटणार नाही. नुसता करार बदलून मागची तारीख टाकायची तर कल्पनाही नको, ईमेल सगळं सांगतात.

प्रश्न : मी फिजिशियन आहे. एका रुग्णालयात माझ्या ओपीडीच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि दरमहा किमान रकमेची हमी आहे. स्वतःचा दवाखानाही आहे. हा पगार का?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. पुण्याच्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2015 साली असल्या सल्लागार डॉक्टरांचं मानधन 194जेमध्ये बसतं हे मान्य केलं. करार अखंड वाचायचा. एखादी अट सुटी काढून नोकरी ठरवायची नाही. तुमचा स्वतंत्र दवाखाना ही जमेची बाजू, त्याच्या पावत्या नीट ठेवा. मात्र रुग्णालय तुमचा पीएफ कापत असेल किंवा तुम्हाला ग्रॅच्युइटी देत असेल, तर प्रकरण उलटू शकतं. 44एडीए घेणार असाल, तर उरलेला आगाऊ कर 15 मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरा.