रोज एक ‘विश’, रोज 25,000 मोहरा?

प्रश्न : ताई, डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या भूमिका-खेळात माझा विझार्ड (जादूगार पात्र) 17व्या लेव्हलला पोचलाय. रोज ‘विश’ हा इच्छापूर्तीचा मंत्र टाकून 25,000 मोहरांची वस्तू मागितली तर? आमची डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, नको म्हणते.

उत्तर : पाचव्या आवृत्तीच्या 2014च्या नियमांत तशी वस्तू मिळते, पण ती एकच आणि बिनजादूची. नाण्यांची रास नाही, सोन्याची लगड माग. आता हिशेब कर. 50 मोहरांचं वजन एक पाउंड, म्हणजे लगड 500 पाउंडांची. आणि मंत्र टाकताच तुझ्या पात्राच्या ताकदीचा आकडा 3वर येतो, 2 ते 8 दिवस. तेवढ्या ताकदीत 45 पाउंड वाहून नेता येतात. आमच्या टेबलावर एकाने अशीच लगड मागितली, गुहेच्या तळाशी! सगळा रविवार ती बाहेर काढण्यात गेला, आणि तो दिवस मला अजून प्रिय आहे.

खरा धोका वेगळाच. दर वेळी 33 टक्के शक्यता, की ‘विश’ कायमचा जाईल. सरासरी तीन वेळा, म्हणजे साधारण 75,000 मोहरा, मग संपलं. इतका मोठा मंत्र एवढ्यासाठी घालवू नकोस रे.

आठव्या किंवा खालच्या लेव्हलचा मंत्र ‘विश’ने टाकलास तर यातलं काहीच होत नाही, सामग्रीही लागत नाही. मेलेल्याला जिवंत करणाऱ्या ‘रेझरेक्शन’ला 1,000 मोहरांचा हिरा लागतो, तो वाचला, शिवाय सोबती जिवंत. मी तरी हेच करते. आणि डीएमशी खेळाआधी बोल, टेबलावर भांडू नकोस.