सोनोग्राफीत बाळाचं हृदय "नीट दिसलं नाही", आता काय करू?

प्रश्न: डॉक्टर, मला २०वा आठवडा चालू आहे. उंची ५ फूट २ इंच, दिवस राहिले तेव्हा वजन ७८ किलो. परवाच्या सोनोग्राफीत बाळाचं हृदय नीट दिसलं नाही, २ आठवड्यांनी परत या असं लिहिलंय. सासूबाई म्हणतात दोन जिवांची आहेस, भरपूर खा. नणंद म्हणते तुझ्या जाडेपणानेच बाळाच्या हृदयात प्रॉब्लेम झालाय. जेवण कमी करू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, "दिसलं नाही" म्हणजे "दोष दिसला" असं नाही हो. पोटावर चरबी जास्त असली की मशीनच्या लहरी आत पोचेपर्यंत क्षीण होतात आणि चित्र धूसर येतं, त्यात बाळाचं हृदय या वेळी आवळ्यापेक्षाही छोटं, आणि बाळ पाठ वर करून झोपलेलं असलं तर मग काही विचारूच नका.

पण नणंदबाईंचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. वजन जास्त असलं तर हृदयदोषाची शक्यता थोडी वाढते, तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३१ च्या वर आहे. स्वीडनमधल्या १२ लाख बाळंतपणांच्या अभ्यासात (२०१७) सगळे मोठे जन्मदोष धरून प्रमाण नॉर्मल वजनाच्या आयांमध्ये ३.४ टक्के होतं, बीएमआय ३० ते ३५ असलेल्यांत ३.८. म्हणजे बहुतेक बाळं ठणठणीतच.

हृदयाची घडण पहिल्या दहा आठवड्यांतच होऊन जाते, त्यामुळे आता उपाशी राहून त्यात काही बदलणार नाही, उलट नुकसानच. आत्ता लक्ष द्यायचंय ते शुगरकडे. ती सतत जास्त राहिली तर बाळाच्या हृदयातला पडदा जाड होऊ शकतो, जन्मानंतर काही महिन्यांत तो बहुधा आपोआप कमी होतो, पण ती वेळच कशाला येऊ द्यायची! ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन २ तासांनी शुगर तपासतात, १४० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना लगेच दाखवा. आत्ता नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करा.

सासूबाईंना सांगा, दोन जिवांचं म्हणजे दोन ताटं नाही. तुमच्या वजनाला अख्ख्या गरोदरपणात ५ ते ९ किलो वाढ पुरते. भाकरी, डाळ, उसळ, दही खा, संकष्टीची साबुदाणा खिचडी मात्र आवरा, तिने शुगर भराभर चढते.

दोन आठवड्यांनी जाताना जुना रिपोर्ट न्या, आणि तेव्हाही नीट दिसलं नाही तर फीटल इको (बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी) लिहून मागा.