सिंगापूर ते न्यूयॉर्क डायरेक्ट फ्लाइटला किती तास लागतात? अंतर किती आहे?

अंतर साधारण 15,300 किमी आणि वेळ 18 ते 19 तास, सिंगापूर एअरलाइन्स चांगी विमानतळावरून थेट न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर जाते, मधे कुठेही उतरत नाही. आता गंमत बघा, नकाशावर सर्वात जवळचा रस्ता उत्तर ध्रुवाजवळून जातो पण जाताना विमान बहुतेक वेळा जपानच्या बाजूने पॅसिफिकवरून नेतात, कारण वर जेट स्ट्रीमचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वाहतो आणि तो पाठीमागून मिळाला की किलोमीटर वाढले तरी वेळ आणि इंधन दोन्ही वाचतं. त्यामुळे तास रोज थोडे मागेपुढे होतातच.

घड्याळाचं पण लक्षात ठेवा, उन्हाळ्यात न्यूयॉर्क 12 तास मागे असतं (हिवाळ्यात 13), म्हणजे रात्री 12 ला निघालात तर तिकडे त्याच तारखेला सकाळी साडेसहा-सातला पोचाल, हॉटेलचं चेक-इन मात्र दुपारी असतं तेव्हा बुकिंग करताना आधीच विचारून घ्या.

आणि हो, न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क विमानतळालाही डायरेक्ट आहे, पण या दोन्ही फ्लाइटला वापरतात त्या ए350 यूएलआर (खूप लांब पल्ल्याच्या) विमानात इकॉनॉमी क्लासच नाही, फक्त बिझनेस आणि प्रीमियम इकॉनॉमी, त्यामुळे तिकीट महाग पडतं. बजेट कमी असेल तर सरळ एक स्टॉप घ्या, पाय तरी मोकळे होतात.