इंजिन पंप घेताना अश्वशक्तीच्या आधी काय पाहावे?

विहिरीतील स्वच्छ पाणी, पायाच्या खड्ड्यातील गढूळ राडा आणि टाकीतील डिझेल या तिन्हींसाठी जास्त अश्वशक्तीचा एकच इंजिन पंप पुरेल का, असे आपण विचारले आहे. पुरणार नाही, कारण कोणता द्रव किती खोलीवरून ओढायचा आहे, यावर पंपाचा प्रकार ठरतो आणि इंजिनाचा विचार त्यानंतर येतो.

स्वच्छ पाण्याला साधा सेंट्रिफ्युगल पंप (फिरत्या पात्यांनी पाणी बाहेर फेकणारा) उत्तम. मात्र पंप पाणी ओढतो म्हणजे प्रत्यक्षात हवेचा दाब ते वर ढकलत असतो आणि समुद्रसपाटीला हा दाब जेमतेम १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलतो. पाइपातील घर्षण वगैरे वजा जाता हाती ७ ते ८ मीटर उरतात आणि उंच प्रदेशात त्याहूनही कमी. पाणी याहून खोल असेल, तर वर ठेवलेल्या पंपाला कितीही मोठे इंजिन जोडले तरी उपयोग नाही. अशा वेळी काही जण पंपच विहिरीत उतरवतात. कृपया हे कधीही करू नका, कारण इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड तिथे साचतो आणि उतरलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. इंजिन वर ठेवून लवचीक शाफ्टने (फिरत्या दांड्याने) खालचा पंप फिरवण्याची सोय मिळते, ती वापरावी.

राड्यासाठी ट्रॅश पंप घ्यावा. त्याच्या इंपेलरच्या (आतल्या फिरत्या चाकाच्या) पात्यांमधून खडे पार होतात आणि पुढचे झाकण काढून अडकलेला कचरा जागेवरच साफ करता येतो. गाळ फारच दाट असेल किंवा मधूनमधून हवा येत असेल, तर डायफ्रॅम पंप (लवचीक पडद्याच्या हालचालीने ओढणारा) बरा, कारण तो काही काळ कोरडा चालला तरी बिघडत नाही. सेंट्रिफ्युगल पंपाचे मात्र तसे नाही: सुरू करण्यापूर्वी त्यात पाणी भरले नाही, तर मेकॅनिकल सील (शाफ्टपाशी गळती रोखणारा भाग) जळते.

डिझेलसाठी त्याच कामाचा गिअर किंवा व्हेन पंप (दातेरी चाकांनी किंवा सरकत्या पात्यांनी द्रव पुढे ढकलणारा) लागतो. त्याचा निकास बंद झाला, तर दाब वाढतच जातो. म्हणून जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह असल्याची खात्री करून घ्यावी. पेट्रोल मात्र पाण्याच्या इंजिन पंपाने मुळीच उपसू नये.

शेवटी माहितीपत्रकाविषयी: त्यातील कमाल प्रवाह आणि कमाल हेड (पंप पाणी किती उंच चढवू शकतो ती उंची) एकाच वेळी मिळत नाहीत, म्हणून आपल्याला लागणाऱ्या हेडवर किती लिटर मिळतील, हे आलेखावरूनच पाहावे.