उत्प्रेरक खरंच काही करत नाही का?

प्रश्न असा आहे: ‘धातू उत्प्रेरक इथिलीनचे ऑक्सिडीकरण करतो’ असं वाक्य एका अनुवादात वाचलं. उत्प्रेरकाच्या नुसत्या उपस्थितीनं अभिक्रियेचा वेग बदलतो, तो स्वतः बदलत नाही, असं शाळेत शिकलो. मग ‘करतो’ हे क्रियापद कसं चालेल?

शंका रास्त आहे, पण घोळ क्रियापदाइतकाच त्या ‘नुसत्या उपस्थिती’त आहे. ही कल्पना बर्झेलियसची. स्वीडनच्या या रसायनशास्त्रज्ञानं १८३५ साली सैल करणं, सोडवणं अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘कॅटॅलिसिस’ हे नाव दिलं. काही पदार्थ जवळ नुसते असले की इतरांमधली झोपलेली आकर्षणं जागी होतात, असं त्याचं म्हणणं होतं. आपला ‘उत्प्रेरक’ त्या ग्रीक शब्दापेक्षा या कल्पनेच्या जास्त जवळ आहे. ईर् म्हणजे हलवणं, चालवणं. त्याला प्र आणि उत् हे उपसर्ग लागले. बाहेरून उठवणारा, स्वतः न गुंतणारा, असं चित्र त्यातून उभं राहतं. शब्द सुंदर आहे आणि रुजलाही आहे, तो बदलू नये. चित्र मात्र बदलायला हवं.

तुमच्या वाक्यातल्या इथिलीनचंच बघा. (केळी पिकताना सुटतो तोच हा वायू.) पॅलेडियम क्लोराइडच्या पाण्यातल्या द्रावणात तो सोडला की त्याचं ॲसिटाल्डिहाइड होतं आणि पॅलेडियम काळा धातू होऊन खाली बसतो. फिलिप्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं हे १८९४ मध्येच पाहिलं होतं. पण पॅलेडियम असा एकदाच वापरून संपत असेल तर त्याला उत्प्रेरक कसं म्हणायचं? १९५० च्या दशकात जर्मनीतल्या वॅकर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी द्रावणात कॉपर क्लोराइड घातलं. इथिलीनकडून पॅलेडियमनं घेतलेले इलेक्ट्रॉन तांबं घेतं, तांब्याकडून ऑक्सिजन घेतो, आणि पॅलेडियम पुन्हा कामाला मोकळा. म्हणजे उत्प्रेरक बदलतो, प्रत्येक फेरीत बदलतो. शेवटी मूळ रूपात परत येतो, एवढंच. व्याख्येत ‘बदलत नाही’ऐवजी ‘पुन्हा मूळ रूपात येतो’ असं लिहिलं असतं तर पुष्कळ गैरसमज टळले असते.

ऑक्सिडीकरण म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेणं. इथे इथिलीनचे इलेक्ट्रॉन पॅलेडियमच घेतो, म्हणून त्या टप्प्यापुरतं ‘ऑक्सिडीकरण करतो’ अक्षरशः बरोबर आहे. सबंध प्रक्रियेचा हिशेब मांडला तर मात्र ऑक्सिडक, म्हणजे ऑक्सिडीकरण करणारा, ऑक्सिजनच ठरतो.

चांदीची गोष्ट निराळी. तिच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचा रेणू फुटून त्याचे अणू चिकटतात. त्यातला एक इथिलीनला जोडला गेला की इथिलीन ऑक्साइड तयार होतं. तेच इथिलीन तापलेल्या प्लॅटिनमवर नेलं तर पार कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होईपर्यंत जातं. त्यामुळे धातू नुसता वेग वाढवतो असं नाही, कुठे थांबायचं तेही बरंचसं तोच ठरवतो. अशा ठिकाणी मला मराठीतलं साधं ‘वर’ फार नेमकं वाटतं: ‘चांदीवर इथिलीनचं ऑक्सिडीकरण होतं.’ अभिक्रिया खरोखरच चांदीच्या अंगावर घडते. वॅकर पद्धतीत सगळं द्रावणात विरघळलेलं असतं, तिथे ‘वर’ चालणार नाही. ‘पॅलेडियमच्या साहाय्यानं’ म्हणावं.

‘ज्वलन’ हा शब्दही इथे जपून वापरावा. डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८१७ मध्ये प्लॅटिनमची बारीक तार तापवून ज्वलनशील वायू आणि हवा यांच्या मिश्रणात धरली. ज्वाळा नव्हती, तरी तार लालभडक राहिली, कारण वायूचं ऑक्सिडीकरण तारेवरच चालू होतं. ज्याला ज्वाळा नाही त्याला ज्वलन म्हटलं की वाचकाला भलतंच दिसतं.

राहता राहिलं ‘धातू उत्प्रेरक’. दोन नामं नुसती शेजारी ठेवलेली मला खटकतात, आणि संधी करून ‘धातूत्प्रेरक’ म्हटलं तर कुणाला कळणार नाही. ‘धातूचा उत्प्रेरक’ लिहा.